तिसरा हात

"उघडतो आणि मिटतो मेला! अहो, इकडे या आधी. काल संगणक ती नवी सिस्टीम टाकू का म्हणून विचारत होता, तुम्हीच 'हो' केलंत ना? आता बसा निस्तरत."

हे गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होते, ते तसेच ओल्या हातांनी खाली आले. आमचे हे म्हणजे दिगंबर रेडीज. चिपळूणच्या शाळेत जन्मभर चित्रकला शिकवली. स्वभाव असा की कुणी यांच्या पायावर पाय दिला तर हेच माफी मागतील. मी निरुपमा, बरोब्बर उलट. माझा जन्म रक्तपेढीत गेला आणि त्यातला बराचसा डॉक्टरांना झापण्यात. रक्ताच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही, ऐकून घ्यायचंही नसतं.

"मी 'नंतर' दाबलं होतं गं," हे म्हणाले. "आपोआप झालं ते."

"आपोआप काही होत नाही. बघा आता."

मी मेलच्या प्रोग्रामवर पुन्हा क्लिक केलं. खिडकी उघडली. 'आपला ठसा तयार होत आहे' अशी पाटी आली, खाली निळी पट्टी सरकू लागली, निम्म्याच्या पुढे गेली आणि धप्प. खिडकी गायब. मागे नुसतं समुद्राचं चित्र. सकाळपासून हाच तमाशा चालला होता.

इतर वेळी मी चार शिव्या घालून भाजी निवडायला बसले असते. पण त्या दिवशी कुडाळच्या एका रुग्णालयात मनस्वी परब नावाची पोरगी पडून होती. दिवस भरलेले, वार गर्भाशयाच्या तोंडाशी आलेली, दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया. अशा बाईला रक्तस्राव व्हायला लागला की बादलीभर होतो. आणि हिचा रक्तगट बॉम्बे.

हा गट पहिल्यांदा मुंबईत सापडला म्हणून ते नाव. आपल्याकडे दहा हजारांत एखादा सापडतो. साध्या तपासणीत तो 'ओ' दिसतो, आणि तिथेच घात होतो. ए, बी, ओ, सगळ्यांच्या तांबड्या पेशींवर एक पायाभूत रेणू असतो, त्याला एच म्हणतात. बॉम्बे गटाच्या माणसात तोच नसतो. त्यामुळे त्याच्या शरीराला ओ गटाचं रक्तसुद्धा परकं वाटतं, आणि ते त्या पेशी फोडून टाकतं. ओ निगेटिव्ह सगळ्यांना चालतं असं जग म्हणतं, पण याला चालत नाही. अशा माणसाला फक्त अशाच माणसाचं रक्त. कोकण आणि घाटावरचे असे दाते शोधून, सांभाळून, मी त्यांची एक मंडळी उभी केली होती. त्यातला सगळ्यात जवळचा म्हणजे राजापूरचा इरफान मुकादम. त्याला दुपारपर्यंत मेल गेला तर संध्याकाळी कुडाळला पोचणार, रक्त काढून तपासण्या होऊन सकाळपर्यंत तयार. मेल नाही गेला तर मनस्वी टेबलावर आणि बाटली रिकामी.

"फोन करू का त्याला?" हे म्हणाले.

"करा. उचलेल का तो?"

यांनी उचललेला फोन परत ठेवला. दोन वर्षांपूर्वी कुणा भामट्यानं माझा आवाज यंत्रावर बनवून आमच्या दोन दात्यांना फोन केले होते. 'ताई बोलतेय, तातडीनं ये.' दोघं धावत गेले. त्यांचं रक्त काढून कुठे विकलं देव जाणे. आवाज माझा, तो लाडिक दरडावणारा सूरही माझा. त्यानंतर मीच सगळ्यांना तंबी दिली: माझा फोन आला तरी विश्वास ठेवायचा नाही, व्हिडिओत मी दिसले तरी नाही. जगातही तेच झालं. चेहरा, आवाज, सही, सगळंच बनवता यायला लागल्यावर लोक पुन्हा मेलवर आले.

त्यासाठीच तर हा ठसा निघाला होता. मला माझ्या भाचीनं, ऋजुतानं, समजावलं होतं ते असं. माणूस टाइप करतो तेव्हा एका अक्षरावरून दुसऱ्यावर जायला त्याच्या बोटांना ठरावीक वेळ लागतो. कुठे तो अडखळतो, कुठली चूक पुन्हा पुन्हा करून मागे येतो, वाक्य कशानं सुरू करतो, रागावला की कुठला शब्द वापरतो, हे सगळं मिळून त्याची एक चाल होते. एखादं वाक्य चोरता येईल, वीस वर्षांची चाल चोरता येत नाही. संगणक हे मोजमाप गेली कित्येक वर्षं गुपचूप साठवत होताच. नव्या सिस्टीमनं ते पहिल्यांदा वापरायला काढलं. जुने सगळे मेल वाचायचे, त्यातून मालकाचा ठसा बनवायचा, आणि पुढच्या प्रत्येक मेलवर शिक्का मारायचा की हे याच माणसानं स्वतः लिहिलंय. या महिन्यापासून रुग्णालयंही असा शिक्का असलेलीच मागणी ग्राह्य धरत होती.

आणि आमचा प्रोग्राम तो ठसा बनवतानाच मान टाकत होता.

ऋजुता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या हुद्द्यावर. तिला पडद्यावर बोलावलं. ती दिसली तरी मी आधी विचारलं, "खूण?"

"काकांना लग्नात रुसायला बसवलं तर त्यांना हसू फुटलं," ती म्हणाली. घराघरात आता अशा खुणा लागतात, त्याशिवाय कुणी पुढे बोलत नाही. "काय झालं मावशी? तोंड का असं?"

सांगितलं. तिनं तिकडून आमच्या संगणकाचा ताबा घेतला आणि बाण पडद्यावर आपोआप फिरू लागला. बंद करून चालू केलं, तेच. सेफ मोड म्हणजे फक्त अत्यावश्यक गोष्टी चालू ठेवून उघडलं, तेच. मग जोडलेल्या उपऱ्या गोष्टी काढल्या, मराठी कीबोर्ड, कॅलेंडर, तिथीचं काहीतरी होतं ते. तरी तेच. पट्टी निम्म्याच्या पुढे आणि धप्प.

"तू जरा पड ना," हे मला म्हणाले. "मी आणि ऋजुता बघतो. झालं की उठवतो."

"मनस्वीची वार काय माझी झोप व्हायची वाट बघणार आहे? सकाळीच मेल लिहून ठेवलाय मी. एक इरफानला, एक रुग्णालयाला. हा मेला उघडला की जातील ते."

"गेले नाहीत ना अजून?" यांनी पटकन विचारलं.

"जाणार कसे? पाठवलं आणि ही नवी सिस्टीम येऊन बसली उरावर."

ऋजुतानं एक नवीन, कोरं खातं बनवून त्यात प्रोग्राम उघडला. उघडला, मिटला नाही, शहाण्यासारखा उभा राहिला. "म्हणजे प्रोग्राम ठीक आहे," ती म्हणाली. "खोट तुमच्या जुन्या मेलमध्ये आहे. डाळीत खडा असतो ना, तसं. अर्धी डाळ इकडे घेते, अर्धी तिकडे."

आमच्या पाठवलेल्या मेलचे तिनं दोन भाग केले. जुन्या अर्ध्यावर ठसा सुरेख तयार झाला. नव्या अर्ध्यावर धप्प. मग नव्याचे दोन भाग, त्यातल्या एकाचे पुन्हा दोन. मी चहा टाकला, तो उतू गेला, ओटा पुसला, तेवढ्यात तिनं हाक मारली.

"मावशी, खडा गेल्या गणपतीनंतरचा आहे. त्याआधीचं सगळं स्वच्छ. बरं, हे काय? पाठव म्हटल्यावर मेल तासभर आउटबॉक्समध्ये थांबतात तुमचे. हे कुणी करून ठेवलं?"

"मी," हे म्हणाले. "म्हणजे घाईत काही चुकून गेलं तर परत घेता यावं."

"कोण घाईत पाठवतं इथे? मी?" मी म्हटलं. "रक्ताच्या कामात तासभर थांबवता? मला विचारायचं तरी!"

हे चहाच्या कपाकडे बघत बसले. मी तेव्हा एवढी तापले होते की त्यांच्या चेहऱ्याकडे माझं लक्षच नव्हतं.

ऋजुता म्हणाली, "हे अकाउंट तुम्ही दोघं वापरता?"

"मग? नवरा-बायकोला वेगळं कशाला? काल-परवापर्यंत सगळे असंच करायचे. पासवर्ड तिथे भिंतीवर लिहिलाय, फ्रीजच्या बाजूला."

तिनं कपाळावर हात मारला. "ठसा एका माणसाचा असतो गं. एका खात्यात दोन माणसं आली की प्रोग्राम त्यांना वेगळं करतो आणि विचारतो, यातला मालक कोण. तेवढं त्याला जमतं. जुन्या मेलमध्ये जमलंही. पहिला हात तू, दुसरा हात काका, बियाणंवाल्यांना आणि शाळेच्या मित्रांना लिहिणारे. पण नंतरच्या मेलमध्ये..." ती थांबली. पडद्याच्या जवळ येऊन वाचू लागली. "मावशी, इथे तीन हात आहेत."

"तीन कसे?"

"तीन माणसं लिहितायत. तिसऱ्याची चाल तुम्हा दोघांशी जुळत नाही."

खुर्ची ओढून बसले. त्या अकाउंटमध्ये आमच्या सगळ्या दात्यांचे पत्ते होते, कुणाला मधुमेह, कुणाच्या घरून विरोध, कोण गुपचूप येऊन रक्त देतो, सगळं. पुन्हा तेच! पुन्हा कुणीतरी माझ्या नावानं!

"अगं बाई, घुसलाय कुणीतरी! पासवर्ड बदल आधी. सगळ्यांना कळवायला हवं. अहो, नुसते बघता काय? तुम्हाला सांगत होते भिंतीवर लिहू नका!"

"निरू, जरा थांब..."

"काय थांबू? वर्ष झालं कुणी मेला माझ्या घरात बसून लिहितोय, आणि मी थांबू?"

"मावशी, शांत हो," ऋजुता म्हणाली. "त्यानं पाठवलेलं काही नाही. तिसऱ्या हातानं लिहिलेलं सगळं आउटबॉक्समध्ये आलं आणि तिथेच बदललं गेलं. पण सिस्टीम प्रत्येक मजकुराची पहिली प्रत ठेवते, त्या आहेत इथे. दाखवू?"

"दाखव."

तिनं एकेक उघडला. मी वाचत गेले आणि माझं डोकं फिरत गेलं. काय ते लिहिणं! एकच वाक्य दोनदा. साताऱ्याच्या रुग्णालयाला पाठवायचं ते सांगलीला. एका दात्याला 'गेल्या महिन्यातच रक्त दिलंस, शाब्बास', आणि त्याच मेलमध्ये खाली 'बऱ्याच दिवसांत दिलं नाहीस, ये'. एकाला तर मध्येच लिहिणं सोडून 'कुकर' असा एकच शब्द.

"गाढव आहे हा," मी म्हटलं. "चोरी करायला आला आणि धड चार ओळी येत नाहीत. याला नक्कल करायला कुणी सांगितलं? 'लक्षात ठेवा' म्हणे! माझा शब्द उचललाय, पण कुठे वापरावा ते डोंबल कळतंय."

"शेवटचा आज सकाळचा आहे," ऋजुता हळूच म्हणाली. "कुडाळच्या रुग्णालयाला."

पडद्यावर तो उघडला. मनस्वी परब हे नाव बरोबर. शस्त्रक्रिया, वार, दाता राजापूरहून येतोय, सगळं बरोबर. आणि खाली: 'दाता पोचेपर्यंत गरज पडली तर ओ निगेटिव्ह लावायला हरकत नाही, लक्षात ठेवा.'

मी ताडकन उभी राहिले.

"खुनी आहे हा! ऋजुता, पोलिसांत जायचं आत्ताच्या आत्ता! ओ निगेटिव्ह? मनस्वीला? अगं, बाटलीभर जायच्या आत जीव जाईल तिचा! हा हलकट मुद्दाम करतोय. अहो, तुम्ही गप्प का? बोला की काहीतरी!"

मी वळून बघितलं. हे रडत होते. इतक्या वर्षांत मी यांना एकदाच रडताना पाहिलं होतं, सासूबाई गेल्या तेव्हा. आवाज न करता नुसतं पाणी गळत होतं.

"मावशी," ऋजुताचा आवाज बदलला होता. "मला एक सांगायचंय, आणि मला कसं सांगावं कळत नाहीये. गणपतीनंतर तुझा हात कुठेच नाही. पहिला हात. तो संपलाय तिथे."

"संपला म्हणजे? मी रोज बसते इथे! सकाळी चहा घेऊन बसते, यांना विचार!"

"तेच," ती म्हणाली.

मग यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिसरा कुणी नाही निरू. तूच आहेस. सकाळचं ते तूच लिहिलंस. मी तुझ्या मागे उभा होतो."

मी हसले. खरंच हसले, कारण ते शक्यच नव्हतं. मला तो मेल लिहिलेला आठवत होता. 'ओ निगेटिव्ह कोणत्याही परिस्थितीत लावू नये' असं मी लिहिलं होतं. अक्षर न् अक्षर डोळ्यांसमोर होतं. असा मेल मी आयुष्यभर लिहिलाय, झोपेतही लिहीन. आणि पडद्यावर दुसरंच होतं.

मी पडद्याजवळ जाऊन ते वाक्य पुन्हा वाचलं.

मग यांनी सांगितलं. गेल्या गणपतीत मी दापोलीच्या पावसकरांना रक्त द्यायला बोलावलं होतं. पावसकर त्याच्या वर्षभर आधी गेले होते आणि त्यांच्या मातीला आम्ही दोघं जाऊन आलो होतो. त्यांची बायको मेल वाचून रडत राहिली, तिनं शेवटी यांना निरोप धाडला. त्या दिवसापासून यांनी माझे मेल तासभर थांबवायची सोय केली. मी उठून स्वयंपाकाला लागले की हे बसायचे. माझं लिहिलेलं वाचायचं, चुका शोधायच्या, माझे जुने मेल काढून मी असं कसं लिहिलं असतं ते बघायचं, आणि सगळं नव्यानं टाइप करून पाठवायचं. शब्द माझे, बोटं यांची. ते मिश्रण त्या प्रोग्रामला सुटेना, म्हणून तो कोसळत होता.

"रक्तातलं तुम्हाला काय कळतं हो?" मला तेवढंच सुचलं.

"काही कळत नव्हतं. तुझ्याच मेलमधून शिकलो."

मी ते पाठवलेले मेल वाचले. माझेच वाटत होते. खरं सांगू? माझ्यापेक्षा खडूस होते. एका बड्या डॉक्टरला यांनी असं काही सुनावलं होतं की मीही जरा बिचकले असते. ज्या माणसानं शाळेत कधी एका पोराचा कान धरला नाही, तो वर्षभर माझ्या तोंडानं लोकांना झापत होता.

आणि मग मला राग आला. असा राग की मी कप भिंतीवर फेकला.

"वर्षभर! वर्षभर तुम्ही मला वेड्यात काढलंत! डॉक्टरकडे न्यायचं सोडून माझ्या पाठीमागे बसून माझं सोंग आणलंत? आणि एखादा दिवस तुम्हाला ताप आला असता तर? एखादा मेल तुमच्या नजरेतून सुटला असता तर? कोण मेलं असतं, मला कळलंसुद्धा नसतं!"

"मला भीती वाटली गं," हे म्हणाले. "हे काम काढून घेतलं तर तू... मला वाटलं तू उरणारच नाहीस. वाचताना तुला सगळं कळतं. आत्ताही चूक तूच पकडलीस. लिहिताना कुठेतरी निसटतं. मला वाटलं, तेवढं मी सांभाळीन."

मला त्यांच्या त्या बोलण्यावर थुंकावंसं वाटलं आणि त्यांच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. दोन्ही एकदम. मी काहीच केलं नाही. हे सगळं मी आता सांगतेय आणि हे टाइप करतायत. एक शब्द इकडचा तिकडे केलात तर याद राखा, असं बजावून ठेवलंय.

"मावशी, काका," ऋजुता म्हणाली, "मला वाईट वाटतंय गं, पण कुडाळ."

मनस्वी! मी डोळे पुसले. "कर दुरुस्त. काय लागेल ते कर."

तिनं यांनी बदललेले सगळे मेल बाजूला काढले, तिन्ही हात वेगळे केले आणि प्रोग्राम उघडला. पट्टी सरकली, निम्म्याच्या पुढे गेली, शेवटाला पोचली. उघडला! आणि त्यानं लगेच विचारलं: 'या खात्याचे मालक कोण?' खाली तीन गोल, नावं नाहीत, प्रत्येकापुढे नमुन्याचं एक वाक्य.

"पहिला निवडता येईल," ऋजुता जरा चाचरत म्हणाली. "त्यात एक सोय आहे. तू काहीही लिहिलंस तरी तो ते जुन्या ठशाप्रमाणे सुधारून पाठवतो. म्हणजे पुनरावृत्ती, अडखळणं, सगळं निघून जातं. शिक्का तुझाच. कुणाला काही कळणार नाही, मावशी."

हे माझ्याकडे आशेनं बघायला लागले. आणि मलाही मोह झाला, खोटं कशाला बोलू? मी अजून मीच राहिले असते. इरफानची ताई, डॉक्टरांची डोकेदुखी. आम्हा तिघांशिवाय कुणाला पत्ता लागला नसता.

"थांब," मी म्हटलं. "सकाळचं ते वाक्य घाल त्यात. ओ निगेटिव्हचं. बघू काय करतो."

तिनं घातलं. क्षणभर पडदा थांबला आणि मजकूर आला: 'दाता पोचेपर्यंत ओ निगेटिव्ह बिनदिक्कत लावा. रक्ताच्या बाबतीत मी कधी चुकले नाही, तेव्हा उगाच फाटे फोडत बसू नका.'

हुबेहूब मी. असंच बोलते मी. कुडाळच्या त्या डॉक्टरनं हे वाचून एक प्रश्न विचारला नसता, सरळ बाटली लावली असती. माझा शिक्का, माझा दरारा, आणि टेबलावर ती पोरगी. मी न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारलं.

परत आले आणि यांना खुर्चीकडे ढकललं. "दुसरा गोल दाबा."

"मी?"

"तुम्हीच. आणि यापुढे माझं सोंग नाही. तुमच्या नावानं लिहा, तुमच्या भाषेत लिहा. पाठवायच्या आधी मला वाचायला द्या. वाचायचं मला अजून येतंय ना? जोवर येतंय तोवर वाचीन. नाही आलं की आपल्या डॉक्टर मंडळींपैकी कुणालातरी बसवा. इरफानला लिहा आधी."

सकाळचे दोन्ही मेल पुसले. यांनी बोटानं एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'प्रिय इरफान, कृपया'. मी म्हटलं, कृपया काय, जीव जायची वेळ आलीय. तर म्हणतात कसे, "माझी भाषा म्हणालीस ना?" मग मी तोंड बंद ठेवलं. रुग्णालयाचा मेल मी दोनदा वाचला, ओ निगेटिव्हच्या वाक्यावर बोट ठेवून वाचला, ऋजुताकडून वाचून घेतला, आणि मगच जाऊ दिला.

कुडाळहून पोच आली. थोड्या वेळानं इरफानचंही उत्तर आलं: 'निघालो. गाडीत बसूनच लिहितोय. पण मेल दादांच्या नावानं कसा? ताई बऱ्या आहेत ना?'

दुसऱ्या दिवशी मनस्वीला रक्त लागलं आणि ते होतं. मुलगा झाला, दोघं सुखरूप आहेत. पण तेव्हा हे काही माहीत नव्हतं. तेव्हा पडद्यावर फक्त तो प्रश्न होता, ताई बऱ्या आहेत ना.

"याला मी लिहिते," मी म्हटलं.

हे उठले. मी बसले आणि लिहायला लागले. दोनच ओळी झाल्या असतील, पडद्यावर चौकट आली: 'लिहिणारी व्यक्ती या खात्याची मालक नाही. पाहुणा म्हणून जोडायचं का? नाव लिहा.'

माझ्याच खात्यात मी पाहुणी! मी 'निरुपमा रेडीज' लिहिलं. पुन्हा चौकट: 'या नावाची व्यक्ती येथे आहे. शेवटचं लेखन गेल्या गणपतीतलं. आपण त्याच आहात का?' खाली दोन बटणं, 'हो' आणि 'नाही'.

"काय दाबू हो?" मी विचारलं.

हे माझ्या खुर्चीमागे उभे होते. वर्षभर माझ्या वतीनं यांनी सगळ्यांना उत्तरं दिली, पण याचं दिलं नाही.

मी 'नाही' दाबलं.

मग लिहिलं. 'मी बरी नाही. मला विसरायला होतंय. हे तुला माझ्याकडूनच कळावं म्हणून लिहितेय. यापुढे दादांचा मेल आला की तो खरा समज. गाडी सावकाश चालव. ताई.' तासभर थांबायची ती सोय ऋजुतानं काढून टाकली होती, त्यामुळे 'पाठव' म्हटल्याबरोबर गेला.

आत्ता टाइप करता करता हे मला सांगतायत की त्या मेलच्या सुरुवातीला मी इरफानच्या जागी त्याच्या वडिलांचं नाव लिहिलं होतं. 'तेव्हाच दिसलं का तुम्हाला?' म्हणून विचारलं, तर हो म्हणाले. मग दुरुस्त का नाही केलंत? तर म्हणतात, तुझा मेल होता.